मालगुजाराची बखरी : जबलपूर परिसरातील शेतघराची वास्तुरचना आणि जमीनधारणेचा इतिहास

प्रस्तावना

जबलपूरच्या पश्चिमेला पाटण किंवा उत्तरेला सिहोरा या भागात एखाद्या जुन्या शेतकऱ्याला 'हवेली कुठे आहे?' असे विचारले, तर तो एखाद्या मोठ्या घराकडे बोट दाखवेलच असे नाही. बहुधा तो काळ्या मातीच्या, बांध घातलेल्या सपाट शेतांकडे हात करील. या भागात 'हवेली' हे त्या सुपीक पट्ट्याचे आणि तिथल्या शेतीच्या पद्धतीचे नाव आहे. मुघलकालीन महसुली भाषेत ठाण्याच्या आसपासच्या मुलखाला हवेली म्हणत. पुणे जिल्ह्यात हवेली नावाचा तालुका आहे, तोही याच अर्थाने. जबलपुरात हे नाव थेट शेताला चिकटले. त्या शेताच्या मालकाचे अंगणाभोवती बांधलेले मोठे मातीचे घर मात्र 'बखरी' म्हणून ओळखले जाते.

या पाठात आपण त्या बखरीचा अभ्यास करणार आहोत. इतिहासाच्या पुस्तकांत जबलपूर म्हटले की गोंड राजांचा मदन महाल, भेडाघाटचे चौसष्ट योगिनी मंदिर आणि राणी दुर्गावतीचे १५६४ मधील बलिदान यांचा उल्लेख येतो. शेतकऱ्याच्या घराबद्दल सहसा काही लिहिलेले नसते. पण ज्यांच्या धान्यावर किल्ले, मंदिरे आणि फौजा उभ्या राहिल्या, ती माणसे अशाच घरांत राहत होती. हे घर नीट वाचता आले, तर जमीन कोणाची होती, धान्य कोणाकडे जात होते आणि गावात कोणाला कुठपर्यंत प्रवेश होता, हे त्याच्या भिंती आपल्याला सांगतात.

या पाठाचे मुख्य सूत्र असे : शेतघराचा आकार हवामान, माती आणि लाकूड यांवर ठरतो, पण त्याचा आराखडा जमीनधारणेच्या पद्धतीवर ठरतो. म्हणून धारणेची पद्धत बदलली की घराचा अर्थही बदलतो.

१. शेतघर हा इतिहासाचा पुरावा का?

हे सूत्र फक्त भारतापुरते खरे आहे असे नाही. एक परदेशी उदाहरण आधी पाहू, म्हणजे पुढचा मुद्दा समजायला सोपा जाईल.

स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स याने १७८८ साली डम्फ्रीजजवळ एलिसलँड नावाचे शेत खंडाने घेतले. त्या वेळी तिथे राहण्याजोगे घर नव्हते. जमीनमालक पॅट्रिक मिलर याने घर बांधण्यासाठी आणि शेताला कुंपण घालण्यासाठी ३०० पौंड दिले. म्हणजे घर, कुंपण आणि खंडाचा करार या तिन्ही गोष्टी एकाच व्यवहारात बसलेल्या होत्या. त्यापूर्वी स्कॉटलंडच्या बऱ्याच भागांत अनेक कुळे एकाच वस्तीत राहत आणि शेताच्या पट्ट्या आपसांत वाटून कसत. अठराव्या शतकात जमीनमालकांनी या पट्ट्या एकत्र केल्या, सलग शेते आखली आणि दीर्घ मुदतीने खंडाने दिली. प्रत्येक शेतावर दगडी घर आणि त्याच्या शेजारी गोठा, कोठार, मळणीची जागा अशी रचना आली. ज्यांना असे शेत मिळाले नाही, ती कुळे मजूर झाली किंवा गाव सोडून गेली. आज पर्यटकांना देखणे वाटणारे ते दगडी घर मुळात एका नव्या कराराचे चिन्ह होते.

हीच पद्धत जबलपूरच्या बखरीला लावून पाहू. त्यासाठी तीन प्रश्न विचारायचे. हे घर कोणत्या जमिनीवर उभे राहिले? ते कोणत्या हक्कावर उभे राहिले? आणि ते कोणाच्या श्रमावर उभे राहिले?

२. जमीन : हवेलीची शेते

जबलपूर परिसरात वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. काळी माती पाणी धरून ठेवते. या दोन गोष्टींचा मेळ घालून इथल्या शेतकऱ्यांनी एक खास पद्धत घडवली. शेताभोवती मातीचे उंच बांध घालायचे आणि पावसाचे पाणी आतच अडवून ठेवायचे. सगळा पावसाळा शेत तळ्यासारखे भरलेले असते. पाण्याखाली तण कुजते आणि माती खोलवर भिजते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बांध फोडून पाणी सोडायचे आणि वाफसा आला की गहू, हरभरा, जवस पेरायचे. पुढे सिंचन नसले तरी त्या ओलीवर रब्बीचे पीक येते.

या शेतीचे तीन परिणाम घरावर झाले.

पहिला परिणाम जागेवर. पावसाळ्यात भोवतालची शेते पाण्याने भरलेली असल्यामुळे वस्ती उंचवट्यावरच करावी लागे. शिवाय काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. अशा जमिनीवर पाया घातला तर भिंत तडकते. म्हणून मुरमाड, टणक जागा गावठाणासाठी निवडली जाई आणि त्यातही सर्वांत उंच व कोरडी जागा बहुधा मालगुजाराच्या घराला मिळे.

दुसरा परिणाम साठवणीवर. वर्षातले मुख्य पीक एकच आणि ते एकदम हाती येणारे. चैत्रात खळे झाले की वर्षभराचे धान्य, पुढच्या पेरणीचे बियाणे आणि बैलांसाठी भुसा हे सगळे पावसाआधी छपराखाली आणावे लागे. त्यामुळे या घराचा मोठा भाग माणसांसाठी नसून धान्यासाठी आणि जनावरांसाठी आहे.

तिसरा परिणाम सत्तेवर. वरच्या शेताचे पाणी खालच्या शेतातून वाहत जाते. आपले पाणी कोणी कधी सोडायचे, हे एकट्याने ठरवता येत नाही. अशा गावात पाण्याबद्दलचा शब्द ज्याच्या ओसरीवर दिला-घेतला जाई, त्याचे वजन वाढणे स्वाभाविक होते.

३. हक्क : मालगुजार कोण होता?

आता दुसरा प्रश्न. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य जिंकले आणि जबलपूर त्यांच्या ताब्यात आले. १७९८ च्या सुमारास हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला. डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतले. म्हणजे हा प्रदेश सुमारे ३६ वर्षे मराठी अंमलाखाली होता.

या काळात गावाचा महसूल पाटील किंवा मालगुजार यांच्यामार्फत गोळा होई. 'माल' म्हणजे महसूल आणि 'गुजार' म्हणजे तो भरणारा. हा माणूस जमिनीचा मालक नव्हता. ठरावीक रक्कम सरकारात भरण्याची जबाबदारी त्याने घेतलेली असे. मुदत थोडी असे आणि जास्त रक्कम कबूल करणारा दुसरा कोणी आला तर गाव हातचे जाई. इंग्रजांनीही सुरुवातीची काही वर्षे छोट्या मुदतीचे आणि जड दराचे करार केले.

मोठा बदल झाला तो १८६० च्या दशकात. सागर-नर्मदा प्रदेश आणि नागपूर प्रांत एकत्र करून १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. १८६२ ते १८६७ या काळात बहुतांश वेळ रिचर्ड टेंपल तिथे चीफ कमिशनर होते. त्यांच्या कारकिर्दीत बहुतेक जिल्ह्यांत सुमारे तीस वर्षांची जमाबंदी झाली आणि मालगुजाराला गावाचा मालकी हक्क देण्यात आला. हा हक्क वारसाने जाई, विकता येई आणि गहाणही ठेवता येई. गावाच्या उत्पन्नाचा साधारण निम्मा भाग सरकारला भरून उरलेला स्वतःकडे ठेवायचा, असे त्याचे ढोबळ स्वरूप होते. स्वतःच्या कसणुकीतल्या जमिनीला 'सीर' म्हणत. तिच्यावर मालगुजाराचा हक्क सर्वांत पक्का असे. जुन्या कुळांपैकी काहींना कायम वहिवाटीचे संरक्षण मिळाले. बाकीची कुळे मालगुजाराच्या मर्जीवर राहिली.

आता हे घराशी जोडून पाहा. ज्याचे गाव दोन-तीन वर्षांत दुसऱ्याकडे जाऊ शकते, तो पक्क्या सागवानी खांबांचे घर कशाला बांधील? तीस वर्षांची शाश्वती आणि विकता येणारी मालकी मिळाल्यावर मात्र दगडी जोते, कोरीव दरवाजा, वरचा मजला यांवर खर्च करण्यात अर्थ होता. सगळ्याच बखऱ्या १८६० नंतरच्या आहेत, असा याचा अर्थ नाही. जुन्या घरांचा विस्तारही झाला. पण एखाद्या बखरीचा पक्का, मिरवण्याचा भाग या काळानंतरचा आहे का, हा प्रश्न क्षेत्रभेटीत जरूर विचारावा.

४. बखरीची रचना

भिंती. मुख्य साहित्य माती. भिंतीसाठी निव्वळ काळी माती टाळत, कारण ती वाळताना तडकते. पिवळसर किंवा मुरूममिश्रित मातीत गव्हाचा भुसा कालवून ती पायाने तुडवत आणि काही दिवस मुरू देत. मग हातभर उंचीचा एक थर घालायचा, तो वाळू द्यायचा आणि त्यावर पुढचा थर. म्हणून अशी भिंत उभी राहायला आठवडे लागतात. जाडी दीड ते दोन हात. मे महिन्यात बाहेर ४२ अंश तापमान असताना आतली खोली थंड राहते ती या जाडीमुळे. भिंतीच्या तळाशी दगडी जोते असे, कारण मातीच्या भिंतीला खरा धोका असतो तो खालून चढणाऱ्या ओलीचा. वरून शेण-मातीचा लेप आणि त्यावर 'छुई' या पांढऱ्या मातीचा हात. दिवाळीच्या आधी हे काम घरातल्या आणि गावातल्या बायका करत.

छप्पर. छपरावर कौले. इथे त्यांना 'खपरा' किंवा 'कवेलू' म्हणतात. कवेलू हा शब्द नागपूरकडच्या मराठीतही आहे. कुंभार चाकावर निमुळती पोकळ नळी घडवतो आणि ओली असतानाच तिचे उभे दोन भाग करतो. प्रत्येक भाग म्हणजे एक अर्धगोल कौल. ही कौले बांबू आणि फाट्यांच्या जाळीवर नुसती मांडलेली असतात, खिळ्याने ठोकलेली नसतात. त्यामुळे गरम हवा फटींतून निघून जाते. मात्र माकडे, मांजरे आणि वारा यांनी ती सरकतात. दरवर्षी पावसाआधी शाकारणी करावीच लागते. फुटलेली कौले बदलणे आणि सरकलेली नीट बसवणे हे काम एक वर्ष चुकले की पाणी भिंतीत मुरते, आणि मातीच्या भिंतीत पाणी मुरले की घर फार काळ टिकत नाही.

लाकूड. सागवान आणि साल. मंडला बाजूची जंगले जवळ असल्याने लाकडाची वाण नव्हती. सामान्य कुळाच्या घरात न तासलेली बल्ली खांब म्हणून उभी असे. बखरीत तासलेले खांब, त्यांच्यावर कोरीव हस्त आणि दरवाजाच्या चौकटीवर फुले-वेली असत. घराची ऐपत लाकडावरून लगेच कळते.

आराखडा. रस्त्याच्या बाजूने पाहिले तर एक लांब, जवळजवळ खिडक्या नसलेली भिंत आणि तिच्यात एक मोठा दरवाजा दिसतो. दरवाजातून आत आले की 'पौर' लागते. पौर म्हणजे छपराची प्रवेशाची खोली, दोन्ही बाजूंना बसायला ओटे असलेली. इथे मालगुजार बसे. कुळे, पटवारी, कोतवाल, सावकार यांच्याशी व्यवहार इथेच होई. पौर घराच्या आतही आहे आणि बाहेरही आहे. बहुतेक गावकऱ्यांसाठी हे घर इथेच संपत असे.

पौरीतून पुढचा रस्ता सरळ अंगणात उघडत नाही. बऱ्याच घरांत तो वळण घेऊन जातो, म्हणजे दारात उभ्या माणसाला आतले दिसत नाही. आत चौकोनी अंगण, मधोमध किंवा एका बाजूला तुळस. अंगणाच्या दोन, तीन किंवा चारही बाजूंना खांबांची ओसरी असते. तिला 'दहलान' किंवा 'परछी' म्हणतात. दहलानीमागे खोल्या, त्यांना छोटी दारे आणि क्वचितच खिडकी. उजेड आणि हवा यायची ती अंगणातूनच. एखाद्या बाजूला वरचा मजला असे. त्याला 'अटारी' म्हणत. हलक्या वस्तू, पाहुणे आणि कधी नवविवाहित जोडपे यांसाठी तो वापरला जाई. बायकांचा दिवस या आतल्या अंगणात जाई. दळण, निवडणे, सारवणे, पापड-वड्या सगळे इथेच.

धान्य. आतल्या अंधाऱ्या खोल्यांत मातीच्या उंच कोठ्या असत. माणसाच्या उंचीच्या या कोठ्यांना वरून तोंड आणि खाली एक भोक असते. वरून धान्य भरायचे, खालून लागेल तेवढे काढायचे. मोठा साठा जमिनीखालच्या पेवातही ठेवत. या खोल्यांची किल्ली कोणाकडे, यावर घरातला मान ठरे. बियाण्याचे धान्य उसने देणे हा मालगुजारीचा महत्त्वाचा भाग होता. पेरणीला घेतलेले बी खळ्यावर वाढीसह परत करायचे, अशी रीत होती. त्यामुळे ही कोठी म्हणजे एका परीने गावाची पेढीच होती.

जनावरे. गोठ्याला इथे 'सार' म्हणतात. काळ्या मातीत खोल नांगरट करायला बैलजोड्या बऱ्याच लागत. म्हणून बखरीची सार मोठी असे आणि बहुधा तिला मागच्या बाजूने वेगळे दार असे. त्या दाराने नांगऱ्ये, गुराखी, शेण काढणाऱ्या बायका ये-जा करत. मागे 'बाडी' म्हणजे भाजीपाल्याचे परस आणि विहीर.

५. बखरी आणि मराठी वाडा

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वर्णन ओळखीचे वाटेल. पौर म्हणजे आपली ढेलज किंवा देवडी. अंगण म्हणजे चौक. दहलान म्हणजे सोपा. धान्याच्या कोठीच्या जागी आपल्याकडे बळद किंवा कणगी, आणि पेव तर दोन्हीकडे आहे. वळणाचा प्रवेश, आत उघडणारी आणि बाहेर बंद राहणारी रचना, या गोष्टी दोन्ही घरांत सारख्या आहेत.

यावरून बखरी ही मराठ्यांनी आणली, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. अंगणाभोवतीचे घर उत्तर आणि मध्य भारतात फार जुने आहे. मराठी अंमल इथे चार दशकांपेक्षाही कमी होता. फरकही लक्षात घ्या. देशावर जिथे पाऊस कमी, तिथे मातीचे सपाट धाबे चालते. जबलपुरात उतरते कौलारू छप्पर लागतेच. देशावरचा वाडा बेसाल्टच्या घडीव दगडात आणि विटेत उभा राहतो, तर बखरी मुख्यतः मातीची आहे. वाड्याचा मालक देशमुख, इनामदार किंवा सरदार असू शकतो. बखरीच्या मालकाचे नाते मात्र एका गावाशी आणि त्या गावच्या सीर जमिनीशी असते. घराच्या रूपातल्या साम्यापेक्षा हा फरक अधिक बोलका आहे.

६. श्रम : ज्यांची घरे उरली नाहीत

तिसरा प्रश्न श्रमाचा. बखरीची माती तुडवणारे, लाकूड वाहणारे, कौले घडवणारे हात गावातलेच होते. मालगुजाराच्या शेतावर आणि घरी विनामोबदला किंवा नाममात्र मोबदल्यावर काम करण्याच्या प्रथेला 'बेगार' म्हणत. मध्य प्रांताच्या अनेक भागांत ती विसाव्या शतकापर्यंत चालू होती. कर्ज फेडण्यासाठी वर्षाच्या बोलीने बांधले गेलेले नांगऱ्येही असत. तेव्हा एखाद्या जुन्या बखरीची जाड भिंत पाहताना तिच्या थंडाव्याचे कौतुक करावे आणि ती किती लोकांच्या न मोजलेल्या दिवसांतून उभी राहिली, हेही विचारावे.

कुळाचे आणि मजुराचे घर याच मातीचे, पण एक-दोन खोल्यांचे. बारीक लाकूड, पातळ भिंत, गवताचे किंवा कौलांचे छप्पर. गोंड आणि कोल कुटुंबांची घरे बहुधा वस्तीच्या कडेला असत. अशी घरे दर पिढीला नव्याने बांधली जात, म्हणून त्यांचे जुने नमुने जवळजवळ सापडत नाहीत. वास्तूंचा इतिहास लिहिताना ही अडचण कायम येते. जे टिकते तेच आपण पाहतो, आणि टिकते ते बहुधा मालकाचे.

याला एक ठळक अपवाद याच जुन्या मध्य प्रांतात आहे. १९३६ मध्ये महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. पुढे त्याच गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्या गावची मालगुजारी जमनालाल बजाज यांच्याकडे होती. गांधीजींच्या राहण्यासाठी मोठे घर सहज उभे राहिले असते. पण आदि निवास आणि बापू कुटी ही घरे माती, बांबू, स्थानिक लाकूड आणि कौले वापरून शेतकऱ्याच्या घरासारखीच बांधली गेली. बापू कुटी मुळात मीराबेन यांच्यासाठी बांधली होती. आज ती दरवर्षी सारवली जाते, शाकारली जाते आणि म्हणूनच उभी आहे. मातीचे घर टिकत नाही, हा समज बापू कुटीकडे पाहिल्यावर राहत नाही. ज्या मातीच्या घराची निगा राखणारे कोणी नसते, ते टिकत नाही.

७. बखरीचे काम कसे संपत गेले

१८६७ मध्ये अलाहाबादहून जबलपूरपर्यंत रेल्वे आली. १८७० मध्ये ती मुंबईकडून येणाऱ्या मार्गाला जोडली गेली. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला होता. नर्मदा खोऱ्यातला गहू मुंबईमार्गे युरोपात जाऊ लागला. गव्हाला भाव आला, मालगुजारांची पत वाढली आणि त्याबरोबर कर्जही वाढले, कारण मालकी हक्क आता गहाण ठेवता येत होता.

१८९३ नंतर लागोपाठ गव्हावर तांबेरा पडला. पाठोपाठ १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा दुष्काळ आला. १८९१ ते १९०१ या दशकात जबलपूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९ टक्क्यांनी घटली. कर्जात बुडालेली अनेक गावे सावकारांकडे गेली. नवा मालक बहुधा शहरात राहणारा. त्याला गावातल्या बखरीत राहायचे नव्हते. तिथे त्याचा कारभारी बसे. जबलपूरच्या सेठ गोकुळदास यांच्यासारख्या पेढीवाल्या घराण्यांनी शहरात महाल आणि धर्मशाळा बांधल्या. गावाचे उत्पन्न शहराच्या वास्तूंत दिसू लागले ते असे.

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश शासनाने १९५० चा मालकी हक्क नष्ट करणारा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. गाव, जंगल, तळी, पडीक जमीन यांवरचा हक्क सरकारकडे गेला. राहते घर, अंगण आणि घरशेतीची जमीन माजी मालगुजाराकडे राहिली. म्हणजे बखरी कुटुंबाकडेच राहिली, पण जिच्यासाठी पौर बांधली होती ती सत्ता गेली. कुळे आता महसूल थेट सरकारला भरू लागली. १९६० च्या कमाल जमीनधारणा कायद्याने आणि वारसांच्या वाटण्यांनी जमिनीचे तुकडे झाले. अंगणाच्या मधोमध वाटणीची भिंत उभी राहिलेली बखरी दिसली, की हा इतिहास आठवा.

शेतीही बदलली. १९६४ मध्ये जबलपुरात जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले आणि मध्य प्रदेशात सोयाबीन पसरवण्यात त्याचा मोठा वाटा होता. सोयाबीन हे खरिपाचे पीक आहे. त्यासाठी पावसाळ्यात शेत पाण्याखाली ठेवून चालत नाही. हवेलीचे बांध अनेक ठिकाणी मोडले. बरगी धरणाचे कालवे आले. ट्रॅक्टर आला आणि सार रिकामी झाली. धान्य थेट बाजार समितीत जाऊ लागले आणि कोठ्या रिकाम्या पडल्या. एकेक खोली निकामी होत गेली, तसा शाकारणीवरचा खर्चही नकोसा झाला.

८. जतनाचा प्रश्न

१९५८ चा प्राचीन स्मारक कायदा राष्ट्रीय महत्त्वाच्या आणि किमान शंभर वर्षे जुन्या वास्तूंसाठी आहे. किल्ले, मंदिरे, मशिदी, मकबरे त्यात येतात. गावातली खासगी मातीची घरे त्यात सहसा बसत नाहीत. घरात राहणाऱ्या कुटुंबाला पक्के छत हवे असते, आणि ते मागणे चुकीचे नाही. दरवर्षी माकडांनी फोडलेली कौले कोण बदलणार? कौले घडवणारा कुंभार तरी आता कुठे उरला आहे?

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ वेस्टर किटॉकसाइड नावाचे शेत आहे. रीड घराण्याने ते सोळाव्या शतकापासून कसले. तिथले शेतघर अठराव्या शतकाच्या अखेरीचे. १९९२ मध्ये ते नॅशनल ट्रस्टला देण्यात आले आणि २००१ पासून तिथे ग्रामीण जीवनाचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. घर, गोठा, शेत, अवजारे सगळे एकत्र आणि शेतीही चालू, ही त्याची खासियत. घर एकटे जपले तर ते रिकामे कवच होते; शेतासह जपले तर त्याचा अर्थ टिकतो. जबलपूर परिसरात एक तरी बखरी तिच्या बांधबंदिस्त हवेली शेतासह अशी जपता आली, तर पुढच्या पिढीला हे सारे प्रत्यक्ष पाहता येईल.

प्रत्येक घर वाचवता येणार नाही. पण प्रत्येक घराची नोंद करता येते, आणि ते काम तुम्ही करू शकता. घराचा नकाशा काढा. भिंतीची जाडी मोजा. प्रत्येक खोलीचे स्थानिक नाव विचारून लिहा. त्या घरात राहणाऱ्यांना विचाराच, पण त्या घरात राबलेल्यांच्या नातवंडांनाही विचारा. 'तुमचे आजोबा कुठपर्यंत आत जात?' या एका प्रश्नाचे उत्तर अनेक पानांच्या महसुली अहवालात मिळणार नाही. मग पटवाऱ्याचा जुना नकाशा, जमाबंदीची कागदपत्रे आणि ए. ई. नेल्सन यांनी संपादित केलेले १९०९ चे जबलपूर जिल्हा गॅझेटियर शेजारी ठेवा. कागद आणि भिंत जिथे एकमेकांशी जुळत नाहीत, तिथे तुमचे संशोधन सुरू होते.

सारांश

१. जबलपूरच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात पावसाचे पाणी शेतात अडवून रब्बी पिके घेण्याची हवेली पद्धत होती. घराची जागा, साठवण आणि गोठा यांवर तिचा थेट परिणाम झाला.

२. १८६० च्या दशकात मालगुजाराला मालकी हक्क मिळाला. दीर्घ मुदतीच्या शाश्वतीमुळे पक्क्या बांधकामावर खर्च करणे परवडू लागले.

३. पौर, अंगण, दहलान, कोठी, सार हे बखरीचे भाग गावातल्या सत्तेची, कर्जव्यवहाराची आणि श्रमाची विभागणी दाखवतात.

४. रेल्वे, दुष्काळ, १९५१ मधील मालगुजारीचा अंत आणि खरिपाची नवी पिके यांमुळे बखरीची कामे एकामागून एक संपली.

५. मातीचे घर वार्षिक निगेवर टिकते. जतन शक्य नसेल तिथे तोंडी आठवणींसह नोंद करणे तातडीचे आहे.

स्वाध्याय

१. 'पौर घराच्या आतही आहे आणि बाहेरही आहे' या विधानाचा अर्थ सोदाहरण स्पष्ट करा.

२. बखरी आणि मराठी वाडा यांतील साम्य व फरक सांगा. रचनेतले साम्य हा प्रभावाचा पुरेसा पुरावा मानता येईल का? चर्चा करा.

३. एलिसलँडचे शेतघर आणि जबलपूरची बखरी यांच्या आधारे जमीनधारणा व वास्तुरचना यांचा संबंध विशद करा.

४. क्षेत्रकार्य : तुमच्या गावातील किंवा आजोळातील एका जुन्या शेतघराचा आराखडा काढा. प्रत्येक भागाचे स्थानिक नाव, तिथे चालणारे काम आणि ते काम कोण करत असे, याचा तक्ता तयार करा. त्या घराशी मालक म्हणून आणि मजूर म्हणून जोडलेल्या प्रत्येकी एका व्यक्तीची मुलाखत घ्या.